शनिवारी ये

वालूर, ता. सेलू
दि. ५ फेब्रुवारी २०२४, सोमवार

चि. महारुद्र यास मोठ्या मायकडून,

तू, सूनबाई शिवकन्या आणि नात निकिता खुशाल असाल. इकडं थंडी सरत आली. दुपारचं ऊन चटका द्यायलंय, पहाटं मात्र अजून गोधडी सोडवत नाही. बटईदारानं औंदा आपल्या रानात हरभरा केलाय, घाटे चांगले धरलेत. ज्वारी हुरड्याच्या पुढं गेली. माझा गुडघा आहे तसाच आहे. निकिताची बारावीची परीक्षा ह्याच महिन्यात ना? तिला म्हणावं लय जागरण करू नको, डोक्याला तेल लावत जा. अभ्यासाच्या दिवसांत तिच्यासमोर मोठ्यानं बोलणं होऊ देऊ नका.

फोन सोडून पत्र का लिहिते म्हणशील. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. शिवाय तुझा आवाज कानावर पडला की मी पाघळते. लहानपणी ताप आला की 'मोठी माय, पाणी' म्हणायचास, तोच आवाज आहे अजून. जाड झालाय इतकंच. त्या आवाजापुढं मला जे बोलायचं ते बोलता येत नाही. अंगणवाडीत होते तोवर महिन्याचा अहवाल लिहायची सवय होती, तेव्हा कागदावर मी जरा धीट असते.

परवा तुझा रंगनाथमामा झरीहून आला होता. तुझा निरोप दिला. येत्या रविवारी तू जीप घेऊन येणार, मायची पिशवी भरून ठेवा, नाहीतर पोलिसात जाणार. मी त्याला चहा दिला, हरभऱ्याचे डहाळे दिले, पण उत्तर दिलं नाही. त्यालाही ते नकोच असावं. आपल्या बहिणीजवळ, तुझ्या मायजवळ, जरा बसला, तिनं त्याला ओळखलं नाही, मग उठून गेला.

उत्तर ह्या पत्रात देते. पण त्याआधी इथं दिवाळीपासून काय चाललंय ते सांगते. ते कळल्याशिवाय तुला बाकीचं कळायचं नाही.

आपल्या गल्लीच्या टोकाला ग्रामपंचायतीचा जुना हॉल आहे बघ, तू आणि पोरं पावसाळ्यात आत गोट्या खेळायचात तो. तिथं आता दर शनिवारी दुपारी म्हाताऱ्यांची बैठक भरते. दवाखान्याचं काम बघणारी आशाताई आहे सुकेशनी, तिनं सुरू केली. तिची आजी घरातच न्हाणीत पडून गेली. लेक-सुना रानात होत्या, संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नाही. तेव्हापासून ही पोरगी घरोघर फिरायली, ज्या घरात म्हातारं माणूस दिवसभर एकटं असतं ते घर शोधायली. माझ्याकडं आली तेव्हा मी म्हणाले, "मला काय धाड भरली? मी धडधाकट आहे." ती म्हणाली, "मावशी, तुमाला काय झालंय म्हणून न्हाई. तुमाला लिहिता-बोलता येतंय, तुमी आलाव तर बाकीच्या बाया येतील." पोरीनं बरोबर नस पकडली.

सुरुवातीला गावातल्या पोरांनी लय चेष्टा केली. यमाची वेटिंग लिस्ट भरायली म्हणायचे. आम्हीही हसायचो. बसायचं, चहा प्यायचा, सुकेशनी बीपी बघायची. मग तिनं एक रीत पाडली. दर शनिवारी कुणातरी एकाच्या घरी सगळ्यांनी जायचं आणि ते माणूस कुठं पडू शकतं ते बघायचं. दत्तरावांची न्हाणी शेवाळानं हिरवीगार होती. अडत दुकानात उभं आयुष्य मुनीमकी केलेला माणूस, आवाज असा की लिलाव थांबावा, पण घरात भिंतीला धरून चालायचा आणि कुणाला सांगायचा नाही. सगळ्यांनी मिळून ती फरशी घासली, भिंतीत लोखंडी कडी ठोकली. माझ्या घरात आले तर माळ्यावरचा डबा काढायला मी ज्या स्टुलावर चढते ते बघून पार्वतीबाईनं कपाळावर हात मारला. आता माझे सगळे डबे खाली आलेत. घर भांड्याच्या दुकानासारखं दिसतं, पण स्टूल गेलं.

पार्वतीबाई म्हणजे बारवेच्या अंगाला राहणारी. तू ओळखतोस. तोंडातून शब्द न काढणारी बाई. एका शनिवारी सुकेशनीनं विचारलं, "घरात कशाचं भ्या वाटतं, ते एकेकानं सांगा." कुणी साप म्हणालं, कुणी उंबरा म्हणालं, कुणी लाइट गेल्यावर म्हणालं. पार्वतीबाईची पाळी आली. ती जमिनीकडं बघत म्हणाली,

"लेक घरी आला की."

 कुणीतरी हातातला कप खाली ठेवला. सुकेशनीनं पुढचं काही विचारलं नाही. चहा झाल्यावर दत्तराव उठले आणि म्हणाले, "पार्वतीबाई, आज सांच्याला तुमच्या ओट्यावर बसावं म्हणतो. तिथं वारा चांगला लागतो." त्या दिवसापासून आमच्यातले दोघं-तिघं रोज दिवेलागणीला तिच्या ओट्यावर जाऊन बसतात. काही बोलत नाहीत, भांडत नाहीत. पोरगा येतो, बघतो, रामराम घालतो, आत जातो. तो सुधारला असं मी म्हणणार नाही. पण माणसं ओट्यावर असली की त्याचा आवाज चढत नाही एवढं खरं.

हे मी तुला का सांगायले ते तुझ्या ध्यानात आलं असंल.

त्या दिवशी हॉलातून घरी आले आणि मला दिवाळी आठवायला लागली. तुम्ही सगळे दोन दिवस इथं होतात. तुझी माय जेवताना तुझ्या बाजूला बसत नव्हती. तू खुर्ची सरकवलीस की ताटावरचा तिचा हात थांबायचा. शिवकन्या म्हणाली, "आत्याला आजकाल काहीच समजंना, नुसत्या दचकतात." मीही म्हणाले, वय झालं. बायनाच्या, तुझ्या मायच्या, मनगटावरचा काळा डाग मी बघितला होता. बायना म्हणाली नळावर लागलं. मी हो म्हणाले आणि करंजीचं ताट पुढं केलं.

पार्वतीबाई बोलली नसती तर ते माझ्या डोक्यात पुन्हा आलंच नसतं.

संक्रांतीनंतर मी सोनपेठला आले, ते तीळगुळाचं निमित्त काढून. सांगून आले नाही, हे खरं. मुद्दाम सांगितलं नाही. वालूरहून सेलू, सेलूहून पाथरी, पाथरीहून सोनपेठ, गुडघा असा की प्रत्येक गाडीच्या पायरीवर कुणीतरी हात द्यावा. तुझ्या दारात पोचले तर बाहेरून कडी. कुलूप नव्हतं. मला वाटलं सगळे बाहेर गेलेत. तेवढ्यात आतून खाट सरकल्याचा आवाज आला.

आतलं मी तुला सांगायची गरज नाही, ते तुझंच घर आहे. पण मी काय बघितलं ते तुला माहीत असावं.

बायना खाटेवर बसलेली होती. उशाशी पाण्याचा तांब्या, डब्यात भाकर-भाजी. अंगात स्वेटर. डोकं विंचरलेलं. आणि डावा पाय निकिताच्या जुन्या ओढणीनं खाटेच्या पायाला बांधलेला. तू दोरी वापरली नाहीस, मऊ ओढणी वापरलीस. मी ते बघितलं, रुद्रा. कुणी म्हणंल ह्यात काय बघायचं, पण मी बघितलं. तरी ओढून ओढून तिचा घोटा सोलून निघाला होता आणि त्याच्यावर माशा बसत होत्या.

मला बघून ती हसली. "आक्का, कव्हा आलाव? जेवलाव का?" तिनं मला लगेच ओळखलं. मी गाठ सोडायला बसले तर म्हणाली, "राहू द्या, राहू द्या. मी पडू नाई म्हणून बांधलंय. मी रस्त्यावर जाते ना, मला कळत न्हाई."

ती उसाच्या ट्रॅक्टरपुढं गेली होती, हे शेजारणीनं मला नंतर सांगितलं. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून वाचली. तू कॉलेजातून पळत आलास, रस्त्यातच बसून रडलास, हेही सांगितलं. शिवकन्याची शाळेतली नोकरी, तुझी कॉलेजातली कारकुनी, पोरीची बारावी. रोजची ओली अंथरुणं, एकच प्रश्न शंभरदा. बाई ठेवली तर ती टिकंना. हे सगळं मला कळतं. बांधलंस ते भ्यानं बांधलंस, हे मला पटतं.

मी गाठ सोडली आणि तिचा पदर खांद्यावरून घसरला होता तो सारखा करायला हात वर उचलला.

तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. डोकं खाली घातलं आणि खाटेच्या कोपऱ्यात सरकली. सवय झालेलं माणूस सरकतं तशी. तोंडातून आवाज नाही.

मी तिथंच उभी. हात तसाच वर. तो खाली कसा घ्यावा ते मला कळंना, कारण तो हलला की ती आणखी आकसत होती.

मग मी खाली बसले. लय वेळानं विचारलं, "बायना, कोण मारतं गं तुला?"

"न्हाई व आक्का. कोण मारतंय मला." मग म्हणाली, "रुद्राचा हात लागतो कव्हा कव्हा. दमतो व लेकरू. तुमी त्याला बोलू नका."

मी बोलले नाही. त्या दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला, तू ओरडत होतास, "लोक काय म्हणतील, मी मायला सांभाळत नाही म्हणतील," तेव्हाही मी बोलले नाही. नुसता फोन ठेवला. आज लिहितेय. बांधलंस ते भ्यानं, पण मारलंस ते कशानं?

तुला तुझ्या जन्माची गोष्ट कुणी नीट सांगितली नसंल. तुझ्या आबांनी लेकरासाठी दुसरी केली तेव्हा मी विहिरीत जीव द्यायला निघाले होते. बायना ह्या घरात आली ती एकोणीस वर्षांची. मी तिला वर्षभर नीट बोलले नाही. तिच्या हातचं पाणी पीत नव्हते. तू झालास आणि बारशाच्या आधी, सगळ्या बायकांदेखत, तिनं तुला माझ्या मांडीवर आणून घातलं. म्हणाली, "आक्का, ह्याला तुमीच मोठं करा. मला जमत न्हाई, माझ्या हातून पडंल." पडणार काही नव्हतं. दणकट बाई ती, शेतात दोन गड्यांचं काम करायची. तिनं ते का केलं हे मला तेव्हाच कळलं होतं. तू मला मोठी माय म्हणालास त्यात तिचा हात आहे, रुद्रा. तुझ्यावर ज्या दोघींनी कधी हात उचलला नाही त्यातली ती एक. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. मला ते रोज आठवतं म्हणून लिहिलं.

तिचे कपडे गुंडाळून तिला घेऊन मी निघाले. शेजारणीला माझं नाव सांगितलं, कौसाबाई घेऊन गेली म्हणा. तीळगुळाचा डबा तुझ्या टेबलावर ठेवला. एसटीत तिला खिडकीजवळ बसवलं तर लेकरासारखी खूश. पाथरीच्या पुढं म्हणाली, "आपण कुठं चाललाव?" म्हटलं वालूरला.  मग म्हणाली, "मंग तिकडं रुद्राला कोण बघतंय?"

आता इथलं सांगते. तुला वाटत असंल, मोठी माय म्हातारपणी काय दिवे लावणार. मलाही पहिल्या आठवड्यात तेच वाटलं.

लय अवघड आहे. मी खोटं लिहिणार नाही. ती दिवसा झोपते आणि रात्री घर फिरते. अंथरूण रोज धुवावं लागतं, हापशावर वाकलं की माझी कंबर धरते. आंघोळीला पाणी अंगावर घेतलं की ओरडते. आबांच्या फोटोला विचारते तुम्ही कोण गावचे. मी सकाळी उठते तेव्हाच दमलेली असते. आधी मला वाटायचं दमणं म्हणजे काम केल्यावर येतं ते. हे तसं नाही. हे हाडात बसतं.

शनिवारच्या लोकांनी पहिल्याच दिवशी येऊन घर बघितलं. दत्तरावांनी दोन्ही दारांना बैलाच्या गळ्यातल्या घंट्या बांधल्या, दार हललं की गल्लीभर ऐकू जातं. सुकेशनीनं तिच्या सगळ्या पोलक्यांना आतून कापडाची पट्टी शिवली, त्यावर तिचं नाव आणि माझा नंबर. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला, चक्कीवाल्याला, शाळेच्या शिपायाला सांगून ठेवलं. आता ती गल्लीत फिरते. तिला फिरू देतो. चक्कीपर्यंत गेली की तो तिला पिठाच्या डब्यावर बसवतो, दोन गोष्टी विचारतो आणि म्हणतो, "चला बायनाबाई, आक्का वाट बघायल्यात." ती येते. पाय बांधायची वेळ आली नाही.

एकदा निसटली, तेही सांगते. घंटी वाजली पण मी न्हाणीत होते. अर्धं गाव शोधायला निघालं. ती स्टँडवर सापडली. एसटीत चढून बसली होती आणि कंडक्टरला सांगत होती, "सोनपेठला जायचंय, माझं लेकरू शाळेतून आलं असंल, घराला कडी हाय." कंडक्टरनं पोलक्याची पट्टी बघून फोन केला. मी तिला घेऊन आले. त्या दिवशी तुला एक फोन करावा असं लय वाटलं. केला नाही.

आता जे लिहायचं ते लिहिण्यासाठीच मी हा कागद घेतला आणि इतका वेळ इकडचं-तिकडचं लिहीत बसले.

गेल्याच्या आधीच्या बुधवारी दुपारी मी तिला वरण-भात कालवून दिला. तिनं ताट उलटं केलं. मी पुसलं, दुसरं दिलं. तेही उलटं केलं आणि हसली. तिसऱ्यांदा वरण माझ्या लुगड्यावर आलं, गरम होतं. आणि माझा हात उठला, रुद्रा. माझाच. ह्या हातानं मी अंगणवाडीतल्या पिढ्यान् पिढ्यांच्या पोरांना भात भरवला, एकावर कधी उगारला नाही. तो उठला. ती तशीच सरकली, दोन्ही हात तोंडावर घेऊन, तुझ्या घरात सरकली होती तशीच. हात खाली आला नाही. पण येणार होता. मला माझ्या खांद्यात कळलं होतं तो येणार आहे ते.

मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. दार उघडं, घंटी हलतेय, वरण फरशीवर. माझ्यानं उठवेना.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी बैठकीत मी हे सांगितलं. सगळ्यांसमोर. सांगताना माझी मान वर होईना. मला वाटलं आता हे लोक म्हणतील, घेऊन कशाला आलीस मग. सुकेशनी काही बोलायच्या आधी पार्वतीबाई बोलली. "कौसाबाई, उद्यापासून दुपारच्याला मी येते. तुमी आडव्या व्हा. मी बघते हिच्याकडं." आणि ती येते. रोज जेवण झालं की येते. बायनाला घेऊन अंगणात बसते, दोघी तुरीच्या शेंगा सोलतात. बायना सोललेले दाणे पुन्हा टरफलात घालते, पार्वतीबाई पुन्हा काढते.  मी आत दोन तास झोपते. त्या दोन तासांनी माझा हात माझ्या ताब्यात राहतो.

त्याच्या आधी मी तुला एक पत्र लिहिलं होतं. त्यात लय वाईट लिहिलं होतं. त्या बुधवारनंतर ते चुलीत घातलं. तुझा पिंड वाईट आहे असं मला आता म्हणता येत नाही. तू एकटा होतास. तुझ्या ओट्यावर बसायला कुणी आलं नाही, आणि तू कुणाला ये म्हणालाही नाहीस. कॉलेजातला माणूस, लोकांना काय सांगायचं. म्हणून दार लावलंस. दार लावल्यावर आत काय होतं ते आता मला थोडं कळलंय.

पण मला ते कळलं म्हणून तुझ्या मायला काही फरक पडत नाही. तिचा घोटा अजून भरलेला नाही. कुणी भांडं जोरात ठेवलं तरी ती कान झाकते.

तेव्हा उत्तर लिहिते. बायना माझ्याकडं राहील. मी तिला पाठवणार नाही. जीप आणलीस तर जीप रिकामी जाईल. पोलिसात जायचं असंल तर जा. मी तिला इथं आणलं त्या दिवशी सुकेशनी म्हणाली पायाचा फोटो काढून ठेवू. मी नको म्हणाले, आपल्या घरची गोष्ट आहे म्हणाले. तिनं मला एवढंच विचारलं, "मावशी, ही आपल्या घरची गोष्ट कुणाची? मायची का लेकाची?" मग मी काढू दिला. तो फोटो तिच्या फोनमध्ये आहे. मला तो कुणाला दाखवायचा नाही. तू माझ्यावर ती वेळ आणू नकोस.

रविवारी येऊ नको. शनिवारी ये, दुपारी. हॉलात बस. तुला कुणी काही विचारणार नाही, मी सगळ्यांना सांगून ठेवीन. परवा सुकेशनीच म्हणाली, म्हाताऱ्यांना सांभाळणारी माणसंही बैठकीत यायला पाहिजेत, ती कुठं बोलणार? शिवकन्याला आणलंस तरी चालंल. तिच्यावर माझा राग नाही. तिलाही एखादी दुपार आडवं व्हायला मिळालं नसंल कितीतरी दिवसांत. बैठक झाली की घरी चल. तुझ्या मायला आंघोळ कशी घालायची ते मी तुला दाखवते. कोमट पाणी आधी पायावर घ्यायचं, मग हातावर, आणि सारखं बोलत राहायचं. डोक्यावरून एकदम ओतलं की ती भिते. हळू केलं तर भीत नाही. तुला हे कुणी शिकवलं नव्हतं.

ती तुला ओळखील का, ते मला सांगता येत नाही. तिचा रुद्रा अजून शाळेत आहे. दारातून मोठा माणूस आत आला तर ती तोंडावर हात घेईलही. तू तिथंच थांब. पुढं येऊ नको, मागंही फिरू नको. खाली बस. तिचे हात आपोआप खाली येतात, थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ तुला बसावं लागंल. मला ठाऊक आहे तुला ते लय जड जाईल. मलाही गेलं.

आणि मी गेल्यावर तिचं काय, हे तू विचारशील. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. माझा गुडघा, माझी छाती, कुठलीच गोष्ट माझ्या हातात राहिली नाही आता. म्हणून तर तुला बोलावतेय. नाहीतर मी तुला ह्या दारात उभं केलं नसतं, हे खरंच लिहिते.

पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहायची रीत आहे. लिहायला हात अडला. मग वाटलं दुसरं काही लिहावं, तर तिथंही अडला. तू जेवायला थांबणार असशील तर आदल्या दिवशी कळव, तुझ्या वाटणीचं पीठ मळीन.

तुझ्या मायची सवत, आणि अजून तरी तुझी मोठी माय,
कौसा